एक मीटर छत्तीसचा खांदा

१

पवित्र आठवड्यातल्या शुक्रवारी सकाळी साडेनऊला मिर्तालाबाई जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझं कार्ड गेलं."

त्या ओरडल्या नाहीत. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईंना ओरडावं लागत नाही. खाली जेवणघरात बसलेल्या सगळ्यांचे हात आपोआप थांबले. नोएमीची बिस्किटं कॉफीत बुडली ती बुडलीच.

"कुठलं कार्ड?" पाहुणेघराची मालकीण ओब्दुलियामावशीनं विचारलं. पण तिलाही ठाऊक होतं. त्या घरात गेल्या दोन दिवसांत दुसऱ्या कुठल्या कार्डाचं नावच निघालं नव्हतं.

मरियामातेची पालखी दर चौकाला खांदे बदलते. प्रत्येक तुकडीत साठ बायका, एका तुकडीला एक चौक. पोस्टकार्डाएवढं जाड कागदाचं कार्ड छातीवर टाचलेलं असेल तरच पालखीजवळ जाता येतं. नसेल तर मग तुम्ही एल साल्वादोरहून चार तास बसमध्ये बसून आलेल्या असा नाहीतर स्वर्गातून उतरलेल्या, रांगेतली बाई तुम्हाला फुटपाथ दाखवते. मिर्तालाबाई बसनंच आल्या होत्या. सव्वीस वर्षं त्या दर वर्षी यायच्या. मग नवरा अंथरुणाला खिळला, त्यात सहा वर्षं गेली, आणि तो गेल्यावर या वर्षी त्या पुन्हा ग्वातेमालात आल्या होत्या.

"रात्री उशीखाली ठेवलं होतं," त्या म्हणाल्या. "आता नाहीये. काळा झगा आहे, ओढणी आहे, हातमोजे आहेत. फक्त कार्ड नाही."

"तुमच्या खोलीत कोण आलं होतं?"

मिर्तालाबाईंनी कठडा धरला. "सहा वाजता तोमासा. मीच सुईदोरा मागितला होता."

मावशीनं हातातलं फडकं टेबलावर आपटलं आणि तरातरा दाराकडे गेली.

२

घरकाम करणारी तोमासा शिकाय त्या वेळी फुटपाथवर होती, आणि सगळी गल्लीही. पालखीच्या वाटेवर लाकडाच्या भुशाचा गालिचा पडत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत, जांभळा, पिवळा, हिरवा. शेजारणी फळ्यांवर ओणवून भुसा चाळत होत्या. तोमासा गालिच्याला हात लावायची नाही, ती मूर्ती न मानणाऱ्या प्रोटेस्टंट मंडळातली. पण भुसा उडू नये म्हणून लागणारं पाणी मात्र ती बादल्या भरभरून आणून द्यायची. "पाणी पाणीच असतं," असं तिचं म्हणणं.

"तोमासा! बाईंचं कार्ड कुठे ठेवलंस?"

मावशीचा आवाज दोन चौक ऐकू जातो. चाळण्या थांबल्या.

"कुठलं कार्ड, सेन्योरा?"

"ते मला विचारू नकोस! गेल्याच आठवड्यात तू म्हणालीस ना, लाकडाच्या बाहुलीला खांदा कशाला द्यायचा म्हणून? या सगळ्यांच्या देखत म्हणालीस!"

"म्हणाले. अजून म्हणते. म्हणून मी चोरी करेन?"

"तूच चोर! तुझ्याशिवाय खोलीत कुणी गेलं नाही. चार वाजता पालखी दारावरून जाईल. तोवर कार्ड मिळालं तर ठीक, नाहीतर तुझी पिशवी भर आणि गावाला जा. परत येऊ नकोस."

तोमासानं बादली खाली ठेवली. पाणी जराही सांडलं नाही. नऊ वर्षं या घरात काम केलेली बाई, आणि साऱ्या गल्लीनं ऐकलेला 'चोर' हा शब्द. या भागातल्या पाहुणेघरांत बातमी पायांनी चालत नाही, धावते. आज ती चोर म्हणून निघाली की उद्या तिला कुणी उंबऱ्यात उभं करणार नाही.

नोएमी दारात उभी राहून हे सगळं पाहत होती. मावशीची ही भाची पंधरा वर्षांची होती. या वर्षी शाळेच्या वादविवादात तिनं तीन वरच्या वर्गांना गप्प केलं होतं, आणि तेव्हापासून तिला वाटायचं की जगात कुठलीही गोष्ट नीट प्रश्न विचारले की सुटते.

"मावशी, मी शोधते," ती म्हणाली.

"तू जांभळा भुसा चाळ."

"मला चार वाजेपर्यंत वेळ दे. तोमासाताईला दिलास ना? तेवढाच मला."

शेजारची बेर्सावे खुदकन हसली. "दे गं ओब्दुलिया. नाहीतर ही पोरगी आमच्यावरच भाषण करेल."

३

घरात मिर्तालाबाई सोडून दोनच प्रवासी होते. नोएमीनं आधी वेन्सेस्लाओकाकांना गाठलं. केत्साल्तेनांगोचे हे काका निवृत्त टपाल कारकून होते आणि त्यांचा छंद म्हणजे मिरवणुकीची कार्डं जमवणं. तीन जाड वह्या भरल्या होत्या त्यांनी, आणि दर वर्षी वह्या बरोबर घेऊनच प्रवास करायचे. संशयित म्हणून यापेक्षा चांगला माणूस कुठून आणायचा?

"माझी झडती घे," काका म्हणाले. "वह्या घे, पेटी घे, खिसे उलटे कर. पण एक सांगतो पोरी. मी कार्ड घेतो ते मिरवणूक झाल्यावर. आधीचं कोरं कार्ड म्हणजे न पाठवलेलं पत्र. त्याला काय किंमत? खांद्याला लागून, घामानं ओलं होऊन यायला हवं."

"मग सकाळपासून चिडलेले का आहात?"

"कारण माझं वर्तमानपत्र कुणीतरी फाडलंय! मधली चार पानं गायब. मी निधनवार्ता वाचल्याशिवाय कॉफी पीत नाही."

दुसरा होता येरून, हॉलंडचा, दोन मीटरहून उंच. प्रत्येक दाराला त्याचं डोकं लागून लागून कपाळावर कायमची लाल खूण उमटली होती.

"मला पालखी उचलायची आहे, हे खरं," तो अडखळत म्हणाला. "पण ही बायकांची. मी बाई नाही. लोकांच्या लक्षात येईल ना?"

"येईल," नोएमी म्हणाली.

मग तिच्या डोक्यात एकदम काहीतरी लखलखलं. आदल्या रात्री जेवताना मिर्तालाबाईंनी सगळ्यांना ऐकवलं होतं: 'माझी तुकडी अठ्ठावन्न. खांदा एक मीटर छत्तीस. सव्वीस वर्षांत एक सेंटिमीटरचाही फरक नाही.' पालखीला खांदे देणाऱ्यांची नावनोंदणी होते तेव्हा जमिनीपासून खांद्यापर्यंत माप घेतात आणि सारख्या उंचीचे खांदे एका तुकडीत घालतात. नाहीतर पालखी एका बाजूला कलते, आणि बुटकी माणसं नुसती खालून चालत राहतात. म्हणजे ते कार्ड वापरायचं असेल तर चोराचा खांदा एक मीटर छत्तीसच हवा!

"टेप कुठे आहे?" ती ओरडतच स्वयंपाकघरात शिरली.

तोमासा खाऱ्या माशाचं कालवण ढवळत होती. तिची पिशवी भरून दाराशी उभी होती. "शिवणाच्या डब्यात."

"डब्यात नाहीये."

"मग बाईंच्या खोलीत राहिली असेल. मी अख्खा डबा नेला होता."

टेप खरंच मिर्तालाबाईंच्या पलंगाच्या दांडीवर लोंबत होती. नोएमीनं ती खसकन ओढली आणि लगेच "आई गं!" केलं. टेपला एक टाचणी अडकवलेली होती, ती तिच्या बोटात घुसली होती. तिनं टाचणी उपटून काढली, बोट चोखलं आणि खाली पळाली.

४

मग सुरू झाला त्या घरातला सगळ्यात विचित्र तास.

नोएमीनं एकेकाला अनवाणी करून भिंतीशी उभं केलं. येरून एकशे एकोणसत्तर. त्याच्यासाठी तिला स्टुलावर चढावं लागलं. वेन्सेस्लाओकाका एकशे एक्केचाळीस, पोट आत घ्यायला लावल्यावरही तेवढेच. "पोटाचा खांद्याशी काय संबंध?" ते म्हणाले. मावशी आधी नाही म्हणाली, मग बेर्सावेनं खिडकीतून चिडवल्यावर भिंतीला टेकली. एकशे सत्तावीस.

"आणि तोमासाताई?"

तोमासा एप्रनला हात पुसत आली. एकशे अठरा.

"झालं तर!" नोएमीनं टाळी वाजवली. "मावशी, ही त्या पालखीखाली उभी राहिली तर तिचा खांदा लाकडाला लागणारसुद्धा नाही. तिला ते कार्ड काय कामाचं?"

"ती वापरायला कुठे नेणार होती?" मावशी म्हणाली. "फेकून द्यायला नेलं असेल. फेकायला कुठे माप लागतं?"

नोएमीची टाळी हवेतच राहिली. मुद्दा बरोबर होता. वादविवादात याला काय म्हणतात ते तिला माहीत होतं, आणि समोरच्याचा मुद्दा बरोबर असला की किती राग येतो तेही.

"एक राहिलंच की," खिडकीतून बेर्सावे म्हणाली. "तुझा खांदा किती गं?"

"माझा?"

येरूननं टेप घेतली, वाकून मापलं. मग पुन्हा मापलं.

"एकशे छत्तीस," तो म्हणाला.

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मावशीसुद्धा. त्या अख्ख्या घरात ते कार्ड ज्याला चालेल असा एकच खांदा होता, आणि तो गुन्हा शोधणारीचाच होता.

५

"मी घेतलेलं नाही!" नोएमी म्हणाली. आणि असं म्हणणं किती पोकळ वाटतं ते तिला पहिल्यांदाच कळलं. तोमासानं सकाळी हेच म्हटलं होतं, आणि तेव्हाही ते असंच वाटलं असणार.

ती वर गेली. निदान फिर्यादीचं माप घेऊन टेप खरी आहे का ते बघावं, असं तिनं ठरवलं. टेप चुकीची निघाली तर सगळी मापं चुकीची.

मिर्तालाबाई काळा झगा घालून खुर्चीत ताठ बसल्या होत्या. कार्ड गेलेलं, तरी झगा अंगावर.

"बाई, तुमचा खांदा मोजू?"

"मला कशाला? मी काय चोर आहे?"

"टेप तपासायचीय फक्त."

"नको." एवढंच. शाळेत पोरं ज्या 'नको'पुढे गप्प बसत असतील तोच हा 'नको'.

नोएमी तिथेच थांबली. ती बघत राहिली. सकाळपासून तीनदा या खोलीत आली होती, पण बघितलं असं आत्ताच. झग्याच्या खालच्या कडेला नवी दुमड होती, चार बोटांची, काळ्या दोऱ्यानं घाईघाईत घातलेली. तिच्या खाली, आधीच्या दुमडीची फिकट रेघ आतल्या बाजूनं डोकावत होती. पूर्वी हा झगा इथंवर येत होता. आता तो जमिनीवर लोळायला लागला होता, म्हणून वर घेतलेला.

झगे वाढत नाहीत.

मग तिला बुटांच्या कडेतून बाहेर आलेला कागदाचा कोपरा दिसला. छापलेला. त्यावर काळ्या चौकटीतला क्रॉस होता, निधनवार्तांवर असतो तसा.

आणि ती टाचणी. बोटात टाचणी टोचली तेव्हा टेपचा आकडा तिच्या डोळ्यांसमोर होता, दुखत होतं म्हणून ती त्याच्याकडेच बघत होती. एकशे तीस. कुणीतरी आज सकाळी या खोलीत एक खांदा मोजला होता, आणि तो आकडा खरा वाटला नाही म्हणून टाचणी लावून पुन्हा मोजला होता.

"बाई," नोएमी हळू म्हणाली, "एकदा इथे आरशासमोर येता माझ्या शेजारी? टेप नको. नुसतं उभं राहायचं."

मिर्तालाबाई उठल्या. बूट काढले. वर्तमानपत्राच्या जाड घड्या दोन्ही बुटांतून बाहेर पडल्या, वेन्सेस्लाओकाकांच्या चारही पानांच्या.

कपाटाच्या आरशात दोघी शेजारी उभ्या राहिल्या. सव्वीस वर्षं एक मीटर छत्तीस असलेला खांदा आणि आज एक मीटर छत्तीस असलेला खांदा. दोन्ही सारखे दिसायला हवे होते. मिर्तालाबाईंचा खांदा नोएमीच्या दंडाशी येत होता.

"नोंदणी माझ्या चुलतबहिणीनं केली," मिर्तालाबाई आरशातल्या नोएमीशी बोलल्या. "मी तिकडे, ती इथे. मापाच्या दिवशी ती म्हणाली, मिर्तालाचं माप लिहा, तेच आहे, वहीत बघा. आम्ही सगळे असंच करतो. माणूस बदलत नाही असं धरूनच चालतो."

"मग सांगायचं ना तसं."

"काय सांगायचं?" त्या नोएमीकडे वळल्या. "मी चाळिशीत असताना आमच्या तुकडीत एक म्हातारी आली होती. खांदा टेकतच नव्हता तिचा. हात वर करून नुसती धरून चालली. मी मागच्या बाईला म्हटलं, या आजी कपडे वाळत घालायला आल्यात वाटतं. सगळ्या हसल्या. तिनं ऐकलं, नोएमी. मला माहितेय तिनं ऐकलं." त्यांनी झग्याच्या गळ्यातून जाड कागद बाहेर काढला. मरियामातेचं चित्र, खाली अठ्ठावन्न. "कार्ड गेलं म्हटलं की कुणी हसत नाही. लोक हळहळतात. मला वाटलं कुणावरच आळ येणार नाही, कार्ड कुठेतरी हरवलं म्हणतील."

"मग मावशीनं तोमासाताईला चोर म्हटलं."

"हो."

"ते साडेनऊला. आता अडीच वाजलेत."

मिर्तालाबाई अनवाणीच जिन्याकडे निघाल्या.

६

तोमासा स्वयंपाकघरातच होती. मिर्तालाबाईंनी तिला सगळं सांगितलं, उभं राहून, अनवाणी, काहीही न वगळता. वाळत घातलेल्या कपड्यांचंही सांगितलं. मावशी कालवणाच्या भांड्याकडे बघत राहिली.

"बरं झालं," मावशी शेवटी म्हणाली. "सापडलं. आता तोमासा, ती पिशवी ठेव आत, आणि—"

"नाही," तोमासा म्हणाली.

"नाही म्हणजे?"

"तुम्ही मला कुठे चोर म्हणालात, सेन्योरा? इथे? कालवणासमोर?"

मावशीची नजर दाराबाहेरच्या गल्लीकडे गेली.

"सगळ्यांनी ऐकलंय ते," तोमासा म्हणाली. "आता दुसरंही सगळ्यांनी ऐकायला हवं. नाहीतर मी या घरात राहिले तरी चोरच राहीन. लोक म्हणतील, ओब्दुलियाबाईंनी मोठ्या मनानं ठेवून घेतली."

ओब्दुलियामावशी अख्ख्या गल्लीत कुणापुढे झुकलेली कुणी पाहिली नव्हती. तिनं कंबरेचं फडकं काढलं, त्याची घडी केली, ती पुन्हा उलगडली आणि बाहेर गेली. मिर्तालाबाई तिच्या मागे. नोएमी सगळ्यांच्या मागे, आणि तिच्या मागून काका आणि येरून, कारण अशा वेळी घरात कोण बसतं?

गालिचा जवळपास पुरा झाला होता. बायका गुडघ्यांवर बसून कडेला पाइनची पानं आणि पिवळी फुलं लावत होत्या.

"ऐका गं," मावशी म्हणाली. तिचा तो दोन चौकांचा आवाज जेमतेम फुटपाथ ओलांडून गेला. "सकाळी मी तोमासाला चोर म्हणाले. ते खोटं होतं. तिनं काही घेतलेलं नाही. चूक माझी."

"काय म्हणालीस?" पलीकडून बेर्सावेनं कानाला हात लावला. तिला नीट ऐकू आलं होतं.

"चूक माझी म्हणाले!" हे मात्र दोन चौक गेलं.

"आणि मूळ चूक माझी," मिर्तालाबाई पुढे झाल्या. त्यांचा शाळेतला आवाज होता, प्रत्येक शब्द वेगळा. "कार्ड माझ्याकडेच होतं. मी लपवलं. ते कार्ड एक मीटर छत्तीस खांद्याचं आहे. माझा खांदा आता एक मीटर तीस आहे. मला ते सांगायची लाज वाटली, आणि त्या लाजेपायी या बाईंना मी पाच तास चोर ठरू दिलं."

गल्लीत कुणी हसलं नाही. कोपऱ्यावरच्या आजीनं तर छातीवर क्रॉसची खूणच केली.

मग बेर्सावे गुडघे झटकत उठली. "तीस म्हणालात?"

"तीस."

"अहो मग आमच्यात या की! चोपन्नावी तुकडी, आम्ही सगळ्या ठेंगण्याच. इथे या कोपऱ्यावरूनच उचलतोय. माझ्या नणंदेचा पाय सुजलाय, सकाळपासून रडतेय कार्ड वाया जाणार म्हणून. तिचं तुम्ही घ्या, तुमचं तिला द्या, तिची कुणी उंच भाची बिची शोधून काढेल ती. बदलाबदली तर दर वर्षी चालते. कुणालाही नुसतं विचारायचं होतंत!"

"विचारायला हवं होतं," मिर्तालाबाई म्हणाल्या, स्वतःलाच.

तोमासाकडे वळून त्यांनी विचारलं, "मी जाऊ?"

"मला काय विचारता? तुमची देवी, तुमचा खांदा." तोमासा पिशवी खांद्याला लावत होती. "मी गावाला जातेय."

"अगं पण आता तर..." मावशी म्हणाली.

"सुट्टीवर. पवित्र शनिवार, रविवार. नऊ वर्षांत घेतली नाही. सोमवारी दुपारी येईन. सकाळची कॉफी तुम्ही करा."

"मला तुझी ती भांडी सापडत नाहीत गं!"

"शोधा. घरात शोधणारी आहे ना एक."

पण तोमासा जाऊ शकली नाही, निदान लगेच नाही. चार वाजत आले होते, दोन्ही टोकांना गर्दी दाटली होती, आणि पूर्ण झालेला गालिचा ओलांडायची हिंमत तिच्या मंडळाच्या पाद्रीनंही केली नसती. ती दारातच थांबली, पिशवी पायाशी, हाताची घडी घालून. नोएमी तिच्या शेजारी उभी राहिली. समोरून धुपाचा ढग आला, मागून बँडचा संथ ढोल, आणि मग कोपऱ्यावर पालखी थांबली. एका तुकडीनं खांदे काढले, दुसरीनं घातले. पालखी उचलली गेली आणि डोलत डोलत भुशाच्या जांभळ्या फुलांवरून येऊ लागली.

तिसऱ्या रांगेत, नव्या कार्डानिशी, मिर्तालाबाई होत्या. चेहरा लाल, डोळे समोर. वेन्सेस्लाओकाका फुटपाथवरून "कार्ड मला! संपल्यावर कार्ड मला!" असं खुणांनी सांगत होते.

नोएमीला पुढच्या माणसांमुळे नीट दिसेना. ती टाचा उंचावून बघू लागली. येरूनला सगळं दिसत होतं, पण तो फोटोत गुंग होता.

तोमासा दाराच्या पायरीवर चढली. तिला खांब धरावा लागला. पालखी अगदी समोर आली, लाकूड करकरलं, आणि ती काही क्षण डोळे बारीक करून बघत राहिली.

"टेकलाय," ती म्हणाली.

"काय?"

"खांदा. टेकलाय नीट." ती पायरीवरून उतरली आणि पिशवी उचलली. "वजन आहे त्यांच्यावर."